मदत हवी आहे: ट्यूबच्या उजेडात वांग्याची रोपं आणि डाळिंबाच्या काड्या

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहते. आमच्याकडे उजेडाची कमतरता नाही, ऊनच इतकं की गच्चीवर कोवळं रोप टिकत नाही. शेडनेटखालचा प्रोट्रेसुद्धा (रोपं वाढवायचा खणाखणांचा ट्रे) दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत. म्हणून तो उत्तरेकडच्या खोलीत आणला. पण तिथे खिडकीला दिवसभर वाळ्याचा पडदा, त्यामुळे सगळी भिस्त ट्यूबवर.

बी मावशीचं आहे, मंगळवेढ्याकडच्या काटेरी वांग्याचं. दरवर्षी एक फळ ती झाडावरच पिवळं होऊ द्यायची आणि बी राखेत घोळून ठेवायची. आता मावशी नाही. म्हणून जीव तुटतोय.

पहिल्या खेपेला २० वॅटची एक एलईडी ट्यूब ट्रेच्या अडीच फूट वर लावली होती. बी छान उगवलं, पण आठवड्यात रोपं दोऱ्यासारखी उंच झाली आणि बुडाशी काळी पडून आडवी झाली. तीसातली चार वाचली. मर लागली ती कोकोपीट सतत ओलं ठेवल्यामुळे, ती चूक माझी. उंची मात्र उजेड कमी पडल्यानेच वाढली. आपल्याला खोली लख्ख दिसते, पण ट्यूब जितकी लांब तितका पानावरचा उजेड झपाट्याने घटतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, दोन ट्यूब सहा इंचांवर आहेत, पहाटे ५ ते रात्री ९. दिवसाला पाऊण युनिटही जळत नाही. पाणी खालून देते. रोपं ठेंगणी, दणकट आहेत, पण दुपारी खोली ३६ अंशांवर जाते आणि पानांच्या कडा वर वळतात. हे उजेडाने की उष्म्याने? टायमर उलटा करून संध्याकाळी ६ ते सकाळी १० असे तेच सोळा तास दिले, दुपारी अंधार ठेवला, तर चालेल का? कुणी केलंय का?

दुसरं, त्याच फळीवर भगव्या डाळिंबाच्या पेन्सिलीएवढ्या आठ काड्या आहेत. रूटिंग पावडर (मुळं फुटायला लावतात ती) लावून वर पारदर्शक पिशवी घातली. पालवी फुटली म्हणून आनंदले, पण विसाव्या दिवशी एक उपटून पाहिली तर मुळाचा पत्ता नाही. काडीतल्या साठ्यावरच पानं आली असणार. पिशवीत आतून गरम वाफ धरते. काड्या खालच्या फळीवर, मंद उजेडात ठेवू का? इथले डाळिंबवाले गुटी बांधा म्हणतात, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून मुळं फोडायची, पण झाड माझं नाही, मला काड्याच मिळाल्या.

दुकानदार रोपांसाठीचा, निळा-तांबडा उजेड देणारा जांभळा दिवा घ्या म्हणून मागे लागलाय. पांढऱ्या उजेडात निळा-तांबडा दोन्ही असतोच, शिवाय जांभळ्यात पान पिवळं पडलेलं कळतही नाही. म्हणून घेतला नाही. कुणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर सांगा.

मृगाला जेमतेम महिना उरलाय आणि डबीत बावीस बिया. त्या आत्ता पेरू, की पुढच्या वर्षासाठी ठेवू?