पट्टे दिसतात, पण आधी माग थांबू द्या

भाराखाली वस्तू किती हलते-ताणली जाते ते पाहायला स्ट्रेनगेज (ताण मोजणारी छोटी पट्टी) चिकटवला की भागतं, मग होलोग्राफीचा, म्हणजे लेसरनं वस्तूची त्रिमितीय प्रतिमा नोंदवण्याचा, खटाटोप कशाला, असं कुणी विचारतं. अहो, गेज चिकटवलेल्या जागेपुरतंच सांगतो. होलोग्राफीत अख्खा पृष्ठभाग एकदम दिसतो, तोही हात न लावता. फोटोच्या एकाच प्लेटवर लेसरच्या उजेडात दोन एक्स्पोजर: आधी भाराशिवाय, मग किंचित भार देऊन. वस्तूच्या प्रतिमेवर काळे-उजळ पट्टे उमटतात. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, प्रकाश आणि नजर दोन्ही समोरून असतील तर एका पट्ट्यामागे पृष्ठभाग साधारण ०.३२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हललेला असतो. चिकटवलेला थर आतून सुटला असेल तर नेमके तिथेच पट्टे वाकतात, कधी गोल गोल कडी दिसतात. टायर, हनीकोंब पॅनेल (आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेले) याच पद्धतीनं तपासत आलेत.

खरी डोकेदुखी कंपनांची: एक्स्पोजरच्या वेळी एवढंसंही हललं की प्लेट बिघडते. सोलापुरात कॉलेजात असताना आम्ही हे करून पाहिलं, तर शेजारच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट! टायरच्या ट्यूबवर वाळूची पेटी ठेवली, तरी सहा प्लेटा वाया. शेवटी रात्री माग थांबल्यावर बसलो, तेव्हा कुठे पट्टे दिसले. जिन्यावरून कुणी उतरू नये म्हणून एका मित्राला पायरीवर बसवलं होतं.