टीआयएनंतर चालतोय, पण नाडी शंभरच्या वर जातच नाही

उजवा_हात : वय ५८. सहा आठवड्यांपूर्वी टीआयए झाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला. सकाळी शर्टाची बटणं लावत होतो आणि उजव्या हाताची बोटं ऐकेनाशीच झाली. बटण दिसतंय, काजं दिसतंय, जमत नाही. बायकोला हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसतं 'ब... ब...'. दहा-बारा मिनिटांत सगळं पूर्ववत. "गेलं ना आता, दवाखाना कशाला?" असं मी म्हणत होतो. तिने ऐकलं नाही, हे नशीब.

एमआरआय ठीक, मानेचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) ठीक, होल्टरमध्ये (ठोके सलग नोंदवणारं यंत्र) ठोके नियमित. बीपी मात्र १६८/९८. अ‍ॅस्पिरिन २१ दिवसांनी डॉक्टरांनी बंद केली. आता रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. धडधडीसाठी मेटोप्रोलोल दोन वर्षांपासून आहेच.

डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा, हळूहळू वाढवा." हळूहळू म्हणजे किती? जास्तीत जास्त नाडी २२० वजा वय, त्याचे ७० टक्के म्हणजे ११३ नाडी हवी. मी घाम निघेस्तोवर चालतो, घड्याळ ९६ च्या पुढे सरकत नाही. हृदय कमजोर झालंय का? उलट जिना चढताना छातीत जरा धडधडलं की मी मधल्या टप्प्यावर थांबून वरचं बटण काढतो आणि परत लावून बघतो. हसू नका.

पायरी_पायरीने : हसत नाही. माझं किल्लीचं होतं. तीन वर्षांपूर्वी टीआयए झाला तेव्हा किल्ली कुलपात जाईना. नंतर कित्येक महिने विनाकारण कुलूप उघडून बघायचो. मी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांनी सुरुवात केली. पण भीती खरी गेली ती टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी, केल्यावर. ईसीजीच्या वायरी लावलेल्या, डॉक्टर शेजारी उभे आणि मी धापा टाकतोय, तरी काही झालं नाही! तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

फिजिओताई : हृदय कमजोर झालंय असं ९६ वरून ठरत नाही. मेटोप्रोलोल बीटा ब्लॉकर आहे, नाडीला लगाम घालणं हेच तिचं काम. ही गोळी चालू असताना २२० वालं सूत्र गैरलागू. ११३ गाठायला धावू नका, आणि आकडा वाढावा म्हणून गोळी तर मुळीच बंद करू नका.

मोजायचंच तर बोलण्यावरून मोजा. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तो मध्यम व्यायाम. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. आठवड्यातून निदान चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं, एवढ्यावर सुरुवात करा. पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. संपवताना एकदम थांबू नका, शेवटची पाच मिनिटं रमतगमत चाला. बीपीच्या गोळ्यांवर असताना झटकन थांबलं की चक्कर येऊ शकते. वजनं उचलणार असाल तर हलकी, आणि आकडे मोठ्याने मोजत. श्वास रोखून जोर लावला की बीपी उसळतं; तोंडाने मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, म्हणून हा उपाय.

छातीत जडपणा, चक्कर किंवा विचित्र धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. थांबूनही कमी होत नसेल तर थेट इमर्जन्सी. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं काहीही झालं तर बटण लावून बघत बसू नका. वेळ लक्षात ठेवा आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. "गेलं ना आता" हे वाक्य पुन्हा नको. टीआयएमध्ये ते जातंच, खरा झटका मात्र त्याच्या मागोमाग येऊ शकतो.

उजवा_हात : ताई, दोन वर्षं ती गोळी घेतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. आणि बॅडमिंटन?

फिजिओताई : एवढ्यात नको. त्यात एकदम झेप असते, एकदम थांबणं असतं. आधी चालणं अंगवळणी पडू दे, बीपी १३०/८० च्या आत स्थिरावू दे, मग डॉक्टरांना विचारून.

उजवा_हात : आज घड्याळ घरी ठेवून बारा मिनिटं चाललो. बायको सोबत होती. पूर्ण वेळ तीच बोलत होती, त्यामुळे परीक्षा तिची झाली, माझी राहिलीच. उद्या मी बोलणार असं ठरलंय. बटण घरी आल्यावर एकदाच लावून बघितलं.