१९७८ ला वांद्र्यासमोर पडलेलं एअर इंडियाचं जंबो, नक्की कारण काय होतं?

किनारा_७८:
१ जानेवारी १९७८ ला रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ७४७, 'एम्परर अशोका', टेकऑफला दोन मिनिटंही झाली नसतील आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. घरातल्या मोठ्यांकडून कायम ऐकत आलोय, कुणी म्हणतं बॉम्ब होता, कुणी म्हणतं पक्षी धडकला, कुणी सगळं पायलटवर टाकतं. चारही इंजिनं चालू, कॉकपिटमध्ये तीन जण, मग धडधाकट विमान पाण्यात गेलंच कसं? अहमदाबादच्या अपघातापासून हे परत डोक्यात घोळतंय, कुणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज.

गगनभेदी:
बॉम्ब नव्हता. घातपाताची शंका सुरुवातीला होती पण चौकशीत तसं काही निघालं नाही. पक्षी धडकला हे खरं आहे, पण आधीच्या फ्लाइटला, त्याने पंखाच्या फ्लॅपचं नुकसान झालं म्हणून निघायला उशीर झाला, पडण्याशी त्याचा संबंध नाही.

खरं कारण म्हणजे कॅप्टनसमोरचा एडीआय. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मधे रेघ असं ते गोल उपकरण असतं, विमान कुठल्या बाजूला किती कललंय ते त्यावर दिसतं. टेकऑफनंतर विमान उजवीकडे वळलं, मग सरळ झालं, पण कॅप्टनचा एडीआय उजवीकडेच अडकून राहिला. म्हणजे विमान सरळ आणि त्यांना दिसतंय की अजून उजवीकडे कललेलंच आहे, म्हणून त्यांनी डावीकडे वळवलं, काटा हलेना म्हणून अजून डावीकडे. को-पायलटचा एडीआय बरोबर दाखवत होता पण कॅप्टन म्हणाले माझं बिघडलंय तर तेही म्हणाले माझंही. फ्लाइट इंजिनिअरच्या लक्षात आलं, तो तिसऱ्या, राखीव एडीआयकडे बघून सांगत होता की कॅप्टनच्या एडीआयवर जाऊ नका, पण तोवर फक्त काही सेकंद उरले होते. विमान डावीकडे ९० अंशांच्याही पुढे कललं, १०८ पर्यंत. एवढ्या कमी उंचीवर तिथून परत येणं नाही.

मेघना_प:
पण खिडकीतून दिसलं नाही का? आणि विमान एवढं आडवं होतंय तर अंगाला तरी कळेलच ना, बसमध्ये साधं वळण आलं तरी आपण कलंडतो.

गगनभेदी:
नाही कळत, आणि सगळा घात इथेच आहे. रनवे पश्चिमेकडे, पुढे लगेच समुद्र, रात्रीची वेळ. शहराचे दिवे मागे पडले की समोर नुसता काळोख, आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते ओळखूच येत नाही. आणि कानाच्या आतला जो तोल सांभाळणारा भाग असतो तो हळूहळू होणारं कलणं टिपतच नाही, उलट बराच वेळ वळून सरळ झालं की वाटतं आपण आता उलट्या बाजूला कलतोय. लहानपणी गोल गोल फिरून थांबल्यावर जग फिरतं ना, तसंच. म्हणून पायलटला शिकवतात की शरीरावर नाही, उपकरणांवर विश्वास ठेव. आता ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तेच खोटं सांगत असेल तर?

जुना_प्रवासी:
तरी पायलटची चूक म्हणून मोकळं होणं मला नाही पटत. अहवालात कॅप्टनने चुकीचे कंट्रोल दिले आणि बाकीच्या उपकरणांवरून सावरता आलं नाही असं आहे, मान्य. पण माणसाला समजून घ्यायला वेळ किती मिळाला ते बघा. जवळपास १८,००० तास उडवलेला माणूस होता. नातेवाइकांनी अमेरिकेत बोईंग आणि उपकरण बनवणाऱ्यांवर केस केली, तिथल्या कोर्टाने १९८५ मध्ये ती फेटाळली, म्हणजे कंपन्यांचा निष्काळजीपणा धरलाच नाही. त्या घरच्यांना काय वाटलं असेल.

गगनभेदी:
पटतंय तुमचं. आणि हे एकदाच झालेलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ अंधार पडल्यावर उडालं, तेही कॅप्टनचा एडीआय खराब असताना. दोन्ही बाजूंचे एडीआय जुळत नाहीत म्हणून बझर वाजत होता, इंजिनिअर ओरडून सांगत होता, को-पायलट मात्र शेवटपर्यंत काही बोलला नाही, मिनिटाच्या आत विमान जमिनीवर आणि चौघेही गेले. म्हणजे बिघाड तर होताच, पण शेजारच्याने "सर, माझा वेगळं दाखवतोय" एवढं म्हणणं आणि कॅप्टनने ते ऐकणं, सगळं त्यावर अडलं होतं. आता क्रूच्या ट्रेनिंगमध्ये याच्यावरच भर असतो, ज्युनिअरने बोलायचंच, गरज पडली तर कंट्रोल हातात घ्यायचा.

किनारा_७८:
सगळ्यांचे आभार. बॉम्बची गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकली होती की तीच खरी धरून चाललो होतो, आता हे सगळं वडिलांना वाचून दाखवतो. एक विचारायचं राहिलं, त्या तिसऱ्या एडीआयला वीज वेगळीकडून मिळते का? तसं असेल तर दोघांचे बिघडले तरी तो चालू राहायला हवा.

गगनभेदी:
हो, स्टँडबाय ठेवतात तो त्याचसाठी. बाकीच्या दोघांवर अवलंबून राहू नये, मुख्य वीज गेली तरी बॅटरीवर चालावा.