उजेड कुठून येतोय ते बघा

काहीजण म्हणतात, चित्रपटात डोंगरदऱ्या देखण्या दिसल्या की छायाचित्रण उत्तम. मला ते पटत नाही. आमच्या बीड-परळीकडं मे महिन्यात भर दुपारी ऊन डोक्यावर असतं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, चेहरा वाचताच येत नाही. तिथं कॅमेरामन काय करतो? सावली शोधतो, पांढरं कापड धरून उजेड परतवतो, की सगळंच पिवळं करून 'दुष्काळ' दाखवतो? ही पिवळी सवय मला फार खटकते. आमच्या काळ्या रानाचा रंगच त्यात मरतो.

सत्यजित राय यांच्या 1956 च्या 'अपराजितो' या बंगाली चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. परतून येणारा तो मऊ उजेड अगदी आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या चौकात उतरतो तसा. सेट आहे हे कळतच नाही! दिवे सरळ नटांवर मारले असते तर भिंतींवर नको त्या सावल्या पडल्या असत्या.

आणि एखादा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. कोण कुणाला दबून आहे, हे नुसत्या चौकटीवरून, म्हणजे पडद्यावर कोण कुठं आणि कसं दिसतं त्यावरून, कळतं का, ते तपासा.