मदत हवी आहे: स्टुडिओच्या डेटासाठी नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्यावा का?

नमस्कार मंडळी. कराडला आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. रॉ फोटो आणि फोर-के व्हिडिओ धरून एका लग्नाचा डेटा ५०० जीबीपर्यंत सहज जातो. अल्बमचे फोटो निवडायला लोक वर्ष लावतात (काही तर बारशाच्या ऑर्डरबरोबर लग्नाचा अल्बम मागतात!), तोवर काही उडवता येत नाही. सगळं सुट्या पोर्टेबल डिस्कवर आहे आणि त्यातली एक आता टकटक आवाज करतेय. तिच्यातलं दुसरीकडे उतरवणं चालू आहे.

दोन खणांचा सिनॉलॉजी कंपनीचा नॅस, त्यात ८ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (म्हणजे दोन्हींवर तोच डेटा), असा विचार आहे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फोल्डर उडालं किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर दोन्हीकडून जाणार. म्हणून आणखी एक प्रत घरी ठेवेन. त्यासाठी साधी हार्ड डिस्कच बरी ना? एसएसडी बराच काळ विजेविना पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो. क्लाउडचं विचारूच नका, २० एमबीपीएस अपलोडवर एक लग्न चढायला दोन दिवसांच्या वर लागतात.

डिस्क आयर्नवुल्फ घेऊ की डब्ल्यूडी रेड प्लस? आणि इथे लाइट सारखी जाते. यूएसबीने जोडल्यावर नॅस आपोआप नीट बंद करणारा यूपीएस कुणी वापरत असेल तर मॉडेल सांगा. बजेट ८० हजारांपर्यंत.