बीटलच्या सिलिंडर हेडचं तापमान: सेन्सर कुठल्या प्लगखाली लावायचा?

प्रश्न
वडिलांची 1968 ची फोक्सवॅगन बीटल, 1500 सीसी, हवेने थंड होणारं मूळ इंजिन. स्पार्क प्लगखाली बसणारी थर्मोकपलची (दोन धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमान-सेन्सरची) रिंग आणून 2 नंबरच्या सिलिंडरला लावली, कारण तो प्लग हाताला सोपा. वायर डॅशबोर्डपर्यंत पुरेना, म्हणून इंजिनजवळच कापून तांब्याची साधी वायर जोडली. परवा वाईहून पसरणी घाट चढताना टॉप गिअरमध्ये इंजिन नॉक (खटखट) करायला लागलं, तेलाचा जळका वास आला, आणि काटा मात्र 150 अंश सेल्सिअसवर निवांत. सेन्सर खराब आहे का?

उत्तर 1
सेन्सर चांगला असेल, जागा चुकली आहे. तुमच्या गाडीत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आतच, 3 नंबरच्या सिलिंडरच्या डोक्यावर उभा असतो. त्या सिलिंडरला हवा कमी मिळते, आणि मिळते ती कूलरमधून तापून. 1971 पासून कूलर बाजूला सरकवून त्याच्या हवेला वेगळी वाट दिली, ती याचसाठी. इंजिनचं मागचं झाकण उघडून उभे राहा: डावीकडचा, आतल्या बाजूचा तो 3 नंबर. हात सोलवटतील, पण रिंग तिथेच हवी. माझ्या गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच सिलिंडरमध्ये जळाला. तेव्हा माझी रिंगही सोप्या प्लगखालीच होती, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

रिंग बसवल्यावर प्लगच्या टोपीचं रबर पत्र्यावर नीट बसतंय ना, ते बघा. फट राहिली तर हेडवरून जायची हवा तिथूनच बाहेर पडते.

आणि घाटात टॉप सोडा, दादा! पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर, बेल्टने फिरतो. आरपीएम पडले की हवाही पडते. तिसऱ्यात चढवा. इग्निशनचं टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) एकदा तपासून घ्या.

उत्तर 2
वायरचं राहिलं. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतं. तांबं जिथे जोडलंत तिथेच त्याचं थंड टोक झालं, आणि ती जागा इंजिनच्या खोलीत साठ-सत्तर अंशांवर जाते. मीटर मात्र ते टोक डॅशबोर्डइतकं थंड धरून हिशेब करतो, म्हणजे काटा तीस-चाळीस अंश खाली. तुमचं थर्मोकपल के टाइप (त्याचा एक प्रकार) असेल तर के टाइपचीच जोडवायर घ्या, प्लस-मायनस सांभाळून. मीटर बिनबॅटरीचा असेल तर लांबीही मनाने बदलू नका, त्यासाठी ठरलेलीच वायर लागते.

प्रश्नकर्ता
रविवारी दोन्ही बदललं. तोच घाट, तिसरा गिअर: 3 नंबरला 195. कुठे थांबायचं?

उत्तर 1
चढावर 195 चालेल. 210 च्या पुढे गेला की पाय हलका करा, तरी उतरला नाही तर बाजूला घ्या. लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा, पंखा फिरू द्या. तेलाचं तापमान कुठून घेताय?