चाईव्हच्या पातीची टोकं वाळताहेत, हॉटेलने माल परत केला. तातडीने मदत हवी आहे

हिरवापाला
नमस्कार मंडळी. विक्रीसाठी चाईव्ह (कांद्याच्या कुळातली बारीक पोकळ पात) लावले आहेत. पहिल्या दोन कापण्या छान निघाल्या. आता पातीची टोकं पिवळी पडून वाळताहेत, साधारण बोटाच्या पेराएवढी. परवा हॉटेलने सगळ्या जुड्या परत पाठवल्या. शेफ म्हणाले, टोकं निवडत बसायला आमच्याकडे माणूस नाही. गुरुवारी पुन्हा माल द्यायचा आहे. औषधाच्या दुकानदाराने एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक दिलंय, दोन्ही एकत्र मारा म्हणतो. मारू का? की दुसरं काही? घाई आहे, ज्यांनी हे पीक घेतलंय त्यांनी कृपया लवकर लिहा.

नाना_ओतूर
गाव कोणतं? जमीन कशी, पाणी कशाचं, खत काय आणि किती दिवसांनी देता? उघड्यावर आहे की शेडनेटमध्ये? यातलं काहीच लिहिलेलं नाही. फवारणीचं नंतर बघू.

हिरवापाला
पुणे जिल्हा. शेडनेट आहे. पाणी ठिबकने, खत वेळच्या वेळी. नाना, राग मानू नका, पण बाकी सगळं व्यवस्थित आहे. फक्त कोणतं औषध ते सांगा.

शेतीमित्र_तासगाव
फुलकिडे आहेत, दुसरं काही नाही. होळीनंतर ऊन वाढलं की कांद्यावर हमखास येतात. पात पांढरट पडते आणि मग टोकं वाळतात. दुकानदाराने बरोबर दिलंय. संध्याकाळी मारा, सोबत स्टिकर घ्या नाहीतर पातीवर थेंब ठरत नाही. दोन दिवसांत फरक दिसेल.

स्वाती_म
थांबा, मारू नका! कांद्याची गोष्ट वेगळी. तो जमिनीत असतो, काढणीला वेळ असतो, वरची साल निघून जाते. चाईव्हची पात कापली की दुसऱ्या दिवशी ऑम्लेटवर कच्ची पडते. गुरुवारी माल द्यायचा आणि आज कीटकनाशक मारायचं, हे अजिबात चालणार नाही. बाटलीवर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारल्यावर किती दिवस कापायचं नाही ते, वाचा. त्यावर चाईव्हचं नावही नसेल.
आधी कीड आहे का ते बघा. पांढरा कागद घ्या, चार-पाच गड्ड्यांची पात त्यावर झटका. फुलकिडे असतील तर पिवळसर-तपकिरी बारीक रेघा कागदावर चालताना दिसतील. पातीवर चंदेरी ओरखडेही असतात. ते नसतील तर फुलकिडे नाहीत.

शेतीमित्र_तासगाव
ताई, पंधरा वर्षं कांदा करतोय. कागद झटकायला वेळ कुणाला आहे? त्यांचा माल परत आलाय.

स्वाती_म
म्हणूनच सांगतेय दादा. एका हॉटेलने पात औषधाच्या वासाची आली म्हणून परत केली, तर ते गिऱ्हाईक कायमचं जाईल. असलेच फुलकिडे, तर निळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून गाळून. त्यानंतरही काही दिवस कापू नका, कडवट वास राहतो.

गच्चीवरची_बाग
माझ्याकडे कुंडीत लसणाची पात आहे, तिची टोकंही अशीच वाळतात. मी वाळलेला भाग काढून उरलेल्या पातीचा ठेचा करते. हिरवी मिरची, शेंगदाणे, पात तव्यावर थोडी परतायची, मीठ, वरून लिंबू. भाकरीबरोबर फार छान लागतो.

हिरवापाला
स्वातीताई, कागद झटकून पाहिला. दोन-तीन किडे दिसले, फार नाहीत. पातीवर ओरखडे नाहीत, जांभळे डागही नाहीत. फक्त टोक. पिवळं, मग बदामी, मग कागदासारखं. खालची पात हिरवीगार आहे. फोटो चढत नाहीये. आता तरी सांगा काय मारू.

नाना_ओतूर
डाग नाहीत म्हणजे करपा (बुरशीचा रोग) नाही, ओरखडे नाहीत म्हणजे फुलकिड्यांचं काम नाही. नत्र कमी पडलं असतं तर जुनी पात बुडापर्यंत सगळीच फिकट झाली असती. सगळ्या वाफ्यांत सारखी टोकं जळताहेत, तेव्हा खालून काहीतरी चाललंय. मला पाण्याचा संशय आहे. पुन्हा विचारतो: पाणी विहिरीचं, कालव्याचं की बोअरचं? आणि खत नेमकं कोणतं?

शेफ_विलेपार्ले
मी मुंबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये खरेदीही बघतो. आम्हाला काय लागतं ते सांगतो, कारण पिकवणाऱ्यापर्यंत ते कुणी पोचवत नाही. पात आतून पोकळ, गोल, सुईसारखी बारीक आणि एकसारख्या लांबीची हवी. फुलाचा दांडा एकही नको, तो चावताना दोरीसारखा लागतो. पात धुऊन ओली पाठवू नका. ओली जुडी रबराखाली काळी पडते. आणि टोकं कात्रीने छाटून पाठवू नका. छाटलेली कड पोचेपर्यंत वाळते, लगेच कळतं. आम्ही ही पात अगदी शेवटी, ताटलीवर टाकतो. पिवळं टोक तिथे लपत नाही.

हिरवापाला
पाणी बोअरचं. पुरंदर तालुका, जमीन मुरमाड, वर काळी माती आणून गादीवाफे केलेत. तीन गुंठे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत ठिबकमधून दर चार दिवसांनी देतो, कापणीनंतर थोडं जास्त. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. शेडनेट ५० टक्के सावलीचं.

मुळशी_मळा
पुरंदर, बोअर, मार्च आणि दर चार दिवसांनी विद्राव्य खत. मुळाशी क्षार साठलेत, मला शंका नाही. कांद्याचं सगळं कुळ क्षाराला फार नाजूक. जमिनीच्या अर्काची ईसी (क्षार किती ते सांगणारं माप) १.२ च्या वर गेली की कांद्याचं उत्पादन घटायला लागतं, चारच्या पुढे अर्ध्यावर येतं. चाईव्ह त्याच घरातले, मुळं वरच्या वर. रोज थोडंथोडं पाणी म्हणजे पाणी वरच्या थरात राहतं, ऊन ते ओढून घेतं आणि क्षार मागे राहतात. त्यात खतही शेवटी क्षारच आहे. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पूड दिसते का?

हिरवापाला
दिसते. मला वाटलं खत आहे. नखाने खरवडली तर खपलीसारखी निघते.

कृषी_निरीक्षक
जिप्सम टाका. गुंठ्याला पाच-सात किलो. क्षारपड जमिनीवर तोच उपाय.

मुळशी_मळा
साहेब, जिप्सम चोपणावर, म्हणजे जिथे सोडियम जास्त आहे तिथे. माती-पाणी न तपासता जिप्सम टाकलं आणि भानगड नुसत्या क्षारांची असली, तर आणखी एक क्षारच टाकल्यासारखं होईल. आणि ड्रिपरवरची पूड नुसता चुनाही असू शकतो, त्यावर सगळं ठरवू नका. आधी तपासणी.

कृषी_निरीक्षक
तपासणीचा अहवाल येईपर्यंत पीक जाईल. अनुभवाने सांगतोय.

मुळशी_मळा
पाण्याची ईसी आणि पीएच कृषी विज्ञान केंद्रात लगेच बघून मिळतात. सोडियमचा आकडा लागलाच तर मागाहून. तीन गुंठ्यांसाठी एवढं थांबता येतं.

बाणेरचा_अभि
मातीची कटकटच नको. हायड्रोपोनिक्स करा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात शेती. माझ्या मित्राने कंटेनरमध्ये एलईडीखाली सुरू केलंय, चाईव्ह, बेझिल, रॉकेट असा परदेशी पाला सगळा. शेडनेट-पॉलिहाऊसला ५० टक्के अनुदान मिळतं, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, सातबारा आणि आठ-अ जोडायचा.

नाना_ओतूर
अभि, त्यांचं शेडनेट उभं आहे आणि गुरुवारी माल द्यायचाय. शिवाय हेच खारट पाणी हायड्रोपोनिक्सच्या टाकीत घातलं तर त्रास जास्त होईल, कमी नाही. तिथे आरओ लागेल, त्याची वीज आणि वाया जाणारं पाणी कोण मोजणार?

हिरवापाला, घरी कुंडीत वगैरे हेच रोप कुठे लावलंय का?

हिरवापाला
हो, आईने स्वयंपाकघराच्या दारात चार-पाच कुंड्या ठेवल्यात. त्याच ट्रेमधली उरलेली रोपं. ती छान आहेत. पण त्यांना खतही नाही आणि ऊनही कमी, म्हणून लिहिलं नाही.

नाना_ओतूर
त्यांना पाणी कोणतं?

हिरवापाला
ग्रामपंचायतीच्या नळाचं.

नाना_ओतूर
बाळा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. एकाच बियाण्याची, एकाच ट्रेमधली रोपं, एकीकडे बोअरचं पाणी आणि खत, दुसरीकडे नळाचं पाणी. दुकानदाराची दोन्ही औषधं परत करून या.

आता काय करायचं ते सांगतो. गुरुवारी माल देऊ नका. शेफला आजच फोन करा, पुढची कापणी महिनाभराने देतो म्हणा. सांगून थांबलेला माल लोक समजून घेतात, दुसऱ्यांदा परत आलेला नाही घेत. विद्राव्य खत पूर्ण बंद. मिळेल तर एक टँकर गोड्या पाण्याचा आणा आणि वाफे एकदाच भरपूर भिजवा, इतके की पाणी वाफ्याखालून झिरपून सरीत आलं पाहिजे. तुमचा मुरूम निचऱ्याचा आहे, हे बरं आहे. त्यानंतर सगळी पात जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापून टाका. बुडापर्यंत खरडू नका, पांढरा भाग गेला तर गड्डा उशिरा फुटतो. वर उसाच्या पाचटाचा पातळ थर द्या, बाष्पीभवन कमी झालं की क्षार वर येणं कमी होतं. पाणी रोज दोनदा नको, दिवसाआड पण खोल. नवी पात तीन-चार आठवड्यांत येईल. खत लागलंच तर चांगलं कुजलेलं गांडूळखत, मूठभर, कापणीनंतर.

शेतीमित्र_तासगाव
नळाच्या पाण्याचं मला माहीत नव्हतं. मग नानांचं बरोबर आहे. तरी दोन-तीन किडे दिसलेत, सापळे लावून ठेवा. एप्रिलमध्ये वाढतीलच.

रानवारा_इंफाळ
मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे मणिपूरला. इथे दारोदारी चपट्या पातीचे चाईव्ह असतात, मारोई नाकुपी म्हणतात. लसणासारखा वास, पांढरी फुलं, पात गवतासारखी चपटी. उन्हाला आणि पावसाला गोल पातीच्यापेक्षा पुष्कळ दणकट. गोल पातीचं मूळ थंड मुलखातलं, चैत्र-वैशाखात ते पुरंदरला रेंगाळणारच. एक वाफा याचाही लावून बघा.

शेफ_विलेपार्ले
सूचना चांगली आहे, पण एक लक्षात ठेवा. गोल पातीच्या ऑर्डरवर चपटी पात पाठवू नका, किचनमध्ये एकीची जागा दुसरी घेत नाही. चपटी पात चायनीज, कोरियन किचनला डम्पलिंगच्या सारणासाठी भरपूर लागते. त्यांना वेगळं विचारा.

हिरवापाला
सगळ्यांचे आभार. शेफशी बोललो, महिनाभर थांबायला तयार आहेत. पण एक विचारायचं राहिलं. कापलेली पात दुपारपर्यंत मलूल होते, मी सकाळी आठला कापतो आणि बसने पाठवतो. आणि इथे कुणी पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात विकतं का? एका हॉटेलवर राहायचं नाही आता.

मुळशी_मळा
आठला ऊन वर आलेलं असतं. ऊन चढायच्या आधी कापा, दव उडालं की लगेच. धारदार विळा किंवा कटर, बोथट कात्रीने पात चेमटते आणि तिथूनच वाळते. कापून सावलीत पाच मिनिटंही ढीग ठेवू नका, ढिगात गरम होते. ही पात शून्य अंशाजवळ आणि ओलसर हवेत सगळ्यात जास्त टिकते. तुमच्याकडे शीतगृह नसेल, तर थर्माकोलच्या पेटीत तळाला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यावर जाड गोणपाट, मग जुड्या उभ्या, वर पिळून काढलेलं ओलं फडकं. बाटली पातीला थेट लागू देऊ नका, जिथे लागते तिथे पात काचेसारखी पारदर्शक होते.

गुलटेकडीत परदेशी भाज्यांचे गाळे आहेत, पण चाईव्हला तिथे दर रोज वेगळा, आणि तीन गुंठ्यांच्या मालावर आडत्याकडे तुमचं वजन पडत नाही. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर थेट विकायला राज्यात मोकळीक आहे. सासवड-पुणे रस्त्याच्या टप्प्यातले तीन-चार कॅफे धरा, प्रत्येकाला आठवड्याचा वार ठरवून द्या आणि वाफेही तसेच कापणीला लावा, म्हणजे एक वाफा कापला की दुसरा तयार. तीनही गुंठे एकदम कापू नका. आणि बियाणं दरवर्षी ताजं घ्या, जुनं उगवत नाही. खरं तर दोन-तीन वर्षांचा गड्डा फोडून लावला तर बियाण्यापेक्षा कितीतरी लवकर पात मिळते.

स्वाती_म
राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. या कुळातल्या इतर जातींवरही तिथे काम होतं. तुमच्यापासून फार लांब नाही, एकदा जाऊन विचारा. इथल्या आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचं सांगणं पक्कं असेल.

गच्चीवरची_बाग
रानवाराताई, मारोईचे गड्डे कुरिअरने पाठवता येतील का? खर्च मी देते.

हिरवापाला
उद्या पाण्याचा नमुना घेऊन जातोय. बाटली कसली न्यायची? आणि टाकीतलं पाणी चालेल का?

मुळशी_मळा
टाकीतलं नको. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग बोअरच्या तोंडाशीच भरा. साध्या पाण्याची प्लॅस्टिकची लिटरची बाटली चालेल, औषधाची किंवा शीतपेयाची नको. त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. सोबत वाफ्याची मातीही घ्या, ड्रिपरजवळची वेगळी आणि दोन ड्रिपरच्या मधली वेगळी, पिशव्यांवर नाव घालून. ईसीचा आकडा आला की इथे टाका.